डहाणूच्या पाण्याचा जमाखर्च



नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील हा लेख म्हणजे त्याच्या दानधर्माची यादीच होय. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपले सोपारे, या ठिकाणी त्याने धर्मशाळा बांधल्या, बागा लावल्या, तळी व विहिरी खोदविल्या, असे त्यात सांगितले आहे. पुढे सहा नद्यांची नावे येतात. त्या नद्यांवर त्याने नावांतून फुकट उतरण्याची सोय केली आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया घातल्या. त्या सहांत पारदा आहे, दमणा आहे, तापी आहे आणि सर्वांत शेवटी दाहनुका आहे. दमणा ती आजची दमणगंगा आणि दाहनुका ती डहाणूची नदी, असे पंडितांनी मानले आहे. तेव्हा डहाणूचे नाव इतिहासात इतक्या जुन्या काळी येते, ते पाण्याच्या संबंधानेच येते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता कोणी विचारील की, नदीच्या काठी पाणपोई घालण्याचे प्रयोजन काय? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर सोपे आहे. समुद्रालगत नदीची खाडी होते, भरतीचे पाणी आत शिरते, आणि वाटसरूच्या डोळ्यांसमोर अथांग पाणी असूनही त्याचा घसा कोरडाच राहतो. पाणी असणे ही एक गोष्ट आणि पाणी मिळणे ही दुसरी. डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांचा इतिहास या एका भेदाभोवती फिरत आला आहे, आणि त्याचाच जमाखर्च आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराशी हातभर तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा, अशी आज्ञा आहे, आणि निरनिराळ्या देशांत किती पाऊस पडतो याचे आकडे द्रोण या मापात दिले आहेत. अवंतीचा पाऊस तेवीस द्रोण सांगितला आहे. पण अपरान्ताची, म्हणजे आपल्या कोकणाची पाळी आली, तेव्हा ग्रंथकाराने आकडा न देता तो अमाप म्हणून सोडून दिला आहे. डहाणू हे त्या अपरान्तातलेच. आजच्या मापाने तेथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

दोन हजार मिलिमीटर म्हणजे किती, हे आकड्यावरून ध्यानात येत नाही. म्हणून शाळेतल्या गणिताप्रमाणे त्याची फोड करू. दोन हजार मिलिमीटर म्हणजे दोन मीटर. एक हेक्टर जमीन म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तेव्हा एका हेक्टरावर वर्षाकाठी वीस हजार घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर पाणी पडते. केंद्र सरकारने २०१९ साली जलजीवन योजना काढली, तीत खेड्यातील माणसामागे दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या प्रमाणाने एका हेक्टरावर पडणारा पाऊस सुमारे एक हजार माणसांना वर्षभर पुरेल. त्याचा दहावा हिस्सा जरी अडविता आला, तरी शंभर माणसांच्या पाड्याची सोय होते. आणि असे असता, याच तालुक्यांच्या पूर्वेकडील डोंगरपाड्यांवर होळी उलटली की विहिरींचा तळ दिसू लागतो आणि बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात. जमेला एवढी मोठी रक्कम असून शिल्लक शून्य, हे कोडे काय आहे?

हे कोडे फार जुने आहे आणि ते केवळ आपलेच नाही. नद्यांना बारमाही पाणी कोठून येते, याविषयी युरोपातही सतराव्या शतकापर्यंत चमत्कारिक कल्पना होत्या. समुद्राचे पाणी भूमीच्या पोटातून डोंगरावर चढते, असे मोठमोठे विद्वान मानीत. नद्या भरण्यास पाऊस पुरेल, असे कोणास वाटत नसे. १६७४ साली पियेर पेरो या फ्रेंच गृहस्थाने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने सीन नदीच्या उगमाकडील खोऱ्यावर पडणारा पाऊस मोजला, त्या नदीने वर्षभरात वाहून नेलेले पाणी अजमावले आणि दाखवून दिले की, पाऊस नदीच्या सुमारे सहापट आहे. पुढे हॅली या ज्योतिर्विदाने समुद्रावरून किती वाफ होते, याचा हिशेब केला. १८५६ साली आंरी दार्सी या अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर ग्रंथ लिहिला आणि वाळूतून पाणी कोणत्या नियमाने झिरपते, ते प्रयोगाने ठरविले. या तिघांच्या कामातून जलविज्ञान नावाचे शास्त्र उभे राहिले. त्याचे सार एका वाक्यात सांगता येते: जेवढे पडले तेवढेच वाहिले, उडाले, मुरले किंवा साठले, पाचवे खाते नाही.

आता ही खाती डहाणू-तलासरीस लावून पाहा. येथील भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांची, काळ्या पाषाणाची आहे. हा पाषाण वाळूसारखा सच्छिद्र नाही. पाणी राहते ते त्याच्या वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत. असा मुरूम पाण्याने तुडुंब भरला, तरी त्याच्या शंभर भागांतून साधारण दोन-तीन भाग पाणीच विहिरीला मिळते. म्हणजे आपली तिजोरीच मुळी लहान. ती आषाढातच भरते. श्रावणात जे पडते त्याला जागाच उरत नाही. त्यात सह्याद्री आणि समुद्र यांमधील अंतर थोडे, उतार मोठा. वरोळी असो की सूर्या असो, डोंगरावरून उतरलेले पाणी पाहता पाहता खाडीस मिळते. दिवाळीनंतर मुरमातले पाणीही उताराने ओढ्यांत पाझरून निघून जाते. कोकणात पाणी कमी नाही. त्याचा मुक्काम कमी आहे.

किनाऱ्याकडची स्थिती निराळी आहे. बोर्डी, घोलवड, डहाणू हा पट्टा चिकूच्या वाड्यांनी हिरवागार आहे. २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकनही मिळाले. पण येथे शेजारी समुद्र आहे. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने भूमीखाली ते खाऱ्यावर तरंगत असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन युरोपीय संशोधकांनी स्वतंत्रपणे असा नियम शोधला की, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल, तर तिच्या खाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी असते. पाषाणभूमीत हा नियम काटेकोर लागू पडत नाही, तरी त्याचा इशारा खराच आहे. पंपाने पातळी एक हात उतरविली, तर खालचे खारे पाणी अनेक हात वर सरकू पाहते. ज्याने बाग लावली, त्याने हे गणित कधी विसरता कामा नये.

असो. भूमीचा दोष सांगून झाला, पण सर्व दोष भूमीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. एकोणिसाव्या शतकात या भागातून रेल्वे गेली, वनाचे कायदे झाले, लाकडाचा व्यापार वाढला, आणि वारली समाजाची जमीन हळूहळू सावकार व जमीनदार यांच्या हाती गेली. वेठबिगार रूढ झाली. २३ मे १९४५ रोजी तलासरी भागातील झरी या गावी वारल्यांची मोठी परिषद भरली आणि वेठ न करण्याची शपथ घेण्यात आली. श्रीमती गोदावरी परुळेकर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो इतिहास आला आहे. त्याचा पाण्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध असा की, आपल्याकडे विहीर जमिनीमागे जाते. ज्याची जमीन त्याची विहीर, आणि ज्याची जमीन गेली त्याचे पाणीही गेले. शिवाय खोऱ्याच्या माथ्यावरील झाडी तुटली की उतारावरची माती धुपून जाते, आणि माती गेली म्हणजे ती मुळातच लहान असलेली तिजोरी आणखी लहान होते.

स्वातंत्र्योत्तर काळात धरणांचे युग आले. दापचरीच्या दुग्धप्रकल्पाच्या निमित्ताने कुर्झे येथे धरण झाले. सूर्या नदीवर धामणी व कवडास येथे बांध घालण्यात आले. त्या बांधांसाठी गावे उठली, आदिवासी कुटुंबे विस्थापित झाली. हा प्रकल्प मुळात सिंचनाचा होता. डहाणू, पालघर या भागांतील सुमारे चौदा हजारांहून अधिक हेक्टर जमीन त्याच्या पाण्याखाली यावी, असा संकल्प होता. परंतु दक्षिणेस वसई-विरार आणि मीरा-भाईंदर ही नगरे झपाट्याने वाढली. त्यांच्यासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सूर्येच्या पाण्याची जी योजना आखली, ती दररोज ४०३ दशलक्ष लिटरांची आहे. त्यांतील १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरला, अशी वाटणी आहे. वर्षाचा हिशेब केला तर हे पाणी सुमारे १४ कोटी ७० लक्ष घनमीटर होते. २०२३ च्या अखेरीस वसई-विरारला या योजनेचे पाणी मिळू लागले.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या सोपाऱ्यास उषवदाताने विहिरी खोदविल्या, ते सोपारे आज वसई-विरार महानगराचा एक भाग आहे. तेथील चाळींतून व सोसायट्यांतून टँकरची वाट पाहणाऱ्या गृहिणीची तहान खोटी नाही. शहराने पाणी मागितले, यात पाप नाही. पण सूर्येच्या कालव्याखालचा शेतकरी उन्हाळी पीक घेण्याच्या आशेवर आहे, आणि ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, त्यांच्या पाड्यांत नळ कधी येणार, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. राज्याच्या २००३ सालच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांस व त्यानंतर शेतीस स्थान दिले होते; २०११ साली तो क्रम बदलून शेती उद्योगांच्या आधी घेण्यात आली. कागदावर क्रम लिहिता येतो. परंतु धरणात जेवढे पाणी आहे, त्याहून अधिकाची वचने दिली गेली, म्हणजे क्रम कोणताही असो, शेवटच्या मनुष्यास रिकामा हंडाच मिळतो. महाराष्ट्राचे थोर जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांस १९९३ साली स्टॉकहोमचे जलपारितोषिक मिळाले. त्यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ साली जो अहवाल दिला, त्यात पाण्याचा विचार तालुका-जिल्ह्याच्या सीमेने न करता खोरे आणि उपखोरे यांच्या हिशेबाने करावा, यावर भर आहे. त्याचे मर्म हेच की, खोऱ्याच्या माथ्यावरील पाडा आणि पायथ्याचे शहर यांची खातेवही एकच आहे.

आता या इतिहासातील सर्वांत नवे आणि सर्वांत विलक्षण प्रकरण सांगतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या भूमीला धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या आसपास त्यांचे केंद्र होते. एक-दोन नव्हे, पुढील काळात लहानमोठे हजारो धक्के उपकरणांनी टिपले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चारांहून अधिक क्षमतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना एका लहान बालिकेचा अंत झाला. लोक थंडीत उघड्यावर निजू लागले. प्रशासनाने तंबू दिले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे यंत्रे बसविली. केंद्रे फार खोल नव्हती, म्हणून लहान धक्क्यांबरोबरही भूमीतून धडाड असा आवाज येई. एकच मोठा भूकंप होऊन मागून किरकोळ धक्के येतात, तसा हा प्रकार नव्हता. अशा सारख्या येत राहणाऱ्या धक्क्यांच्या मालिकेस शास्त्रज्ञ भूकंपांचा थवा म्हणतात.

अशा वेळी पाण्याकडे संशयाने पाहिले जाते, आणि महाराष्ट्रात तरी त्याला पूर्वेतिहास आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला सहांहून अधिक क्षमतेचा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे दगावली. शिवसागर जलाशयाचा या भूकंपांशी संबंध आहे, हे डॉ. हर्ष गुप्त आदी संशोधकांनी दाखविले आणि ते आता जगभर मान्य आहे. १९८३ साली ठाणे जिल्ह्यातील भातसा धरणाच्या परिसरातही, जलाशय भरत असता, धक्क्यांची मालिका झाली होती. परंतु धुंदलवाडीजवळ कोयनेसारखा प्रचंड जलाशय नाही. म्हणून संशोधकांपुढे आलेली एक मीमांसा अशी की, येथे जलाशयाचे नव्हे, तर मुरलेल्या पावसाचे पाणी कारण असावे. भेगांतून खोल उतरलेल्या पाण्याचा दाब वाढला म्हणजे खडकाच्या दोन बाजू एकमेकींना जेवढ्या घट्ट धरून असतात, तेवढ्या राहत नाहीत आणि आधीपासून ताणलेली भेग निसटते. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ सैन्याच्या कारखान्याने खोल विहिरीत सांडपाणी दाबून सोडले, तेव्हा त्या भागात भूकंप होऊ लागले. त्या उदाहरणाने ही क्रिया जगाच्या प्रथम ध्यानात आली. १९८७ साली कॉस्टेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऊस व भूकंप यांच्या संबंधास जलभूकंप अशा अर्थाचे नाव दिले. पालघरच्या थव्याचा अभ्यास उपग्रहांवरील रडारनेही झाला असून भूमी किंचित खचल्याचे त्यात आढळले आहे. कारणाविषयी मात्र सर्व तज्ज्ञांचे अद्याप एकमत झालेले नाही.

यातून भलताच अर्थ निघू नये, म्हणून दोन शब्द बोलतो. पाणी भूकंप उत्पन्न करीत नाही. ताण भूमीच्या पोटात आधीच असतो. पाणी केवळ त्याची कडी काढते. तेव्हा भूकंपाच्या भयाने पाणी मुरविणेच बंद करावे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. शेताच्या बांधाने किंवा पाड्यावरच्या वनराई बंधाऱ्याने जे पाणी मुरते, ते वरच्या मुरमात, काही हात खोल राहते. धक्क्यांची केंद्रे काही किलोमीटर खोल आहेत. आणि प्रतिवर्षी आकाशातून जे पडते, त्यापुढे आपले बंधारे ते काय? भयाचा उपाय निराळा आहे. कारवीच्या कुडाची, मातीने लिंपलेली वारली पद्धतीची हलकी घरे धक्क्याने सहसा माणसावर कोसळत नाहीत. पक्के म्हणून बांधलेले, परंतु आडवे पट्टे न घातलेले विटांचे जड घर अधिक घातक. पक्के घर देताना ही गोष्ट पाहिली पाहिजे.

पुढचा काळ या तालुक्यांची आणखी परीक्षा पाहणार आहे. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले. २०२४ साली त्याच डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण येथील प्रचंड बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने संमती दिली. बंदराच्या बऱ्यावाइटाचा वाद येथे घालीत नाही. पण बंदर आले की वस्ती येते आणि वस्ती आली की तिची तहान येते. ती कोणत्या खात्यातून भागवावयाची, याचा हिशेब आधी मांडला गेला पाहिजे.

आणि हिशेब मांडावयाचा तर आकडे हवेत. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. हे काम मोलाचे आहे. परंतु प्रत्येक पाड्याला त्याच्या स्वतःच्या विहिरीची नोंद असावी. पर्जन्यमापक हे काही महागडे यंत्र नव्हे, आणि विहिरीत दोर सोडून पाणी किती हातांवर आहे, ते पाहण्यास विद्वत्ता लागत नाही. डहाणू-तलासरीच्या शाळांतून मुलांनी रोज सकाळी पाऊस मोजावा, दर पंधरवड्याला गावविहिरीची पातळी पाहावी आणि फळ्यावर लिहावी. चार-पाच वर्षांत त्या वहीतून गावालाच कळेल की आपले पाणी कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने जाते आणि बांध कोठे घालावा. पाणीवाटपाच्या बैठकीत ती वही हाती घेऊन बसलेल्या गावकऱ्याचे बोलणे टाळणे अधिकाऱ्यांसही जड जाईल.

तुम्हां शहरवासी श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी सूर्येचे पाणी येत असेल. नळ बंद करताना त्या पाण्याच्या उगमाकडील पाड्यांचीही आठवण व्हावी आणि त्यांच्या वाट्याविषयी आपण आपल्या प्रतिनिधींस विचारावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.